केसरमावशीचा टीव्ही पॉइंट

तेरा वर्षं झाली मला वायरिंगची कामं करून. कळसपासून काटेवाडीपर्यंत निदान शंभर घरांत माझ्या हातचा दिवा लागतो. पण एका पॉइंटनं माझं डोकं फिरवलं असेल तर ते केसरमावशीच्या घरातल्या टीव्हीच्या पॉइंटनं. काय असतं हो त्यात? भिंतीत वीतभर पेटी बसवायची आणि तार आणून सोडायची, संपला विषय. त्या वीतभर पेटीसाठी ह्या बाईनं मला सहा दिवस नाचवलं. बरं, का नाचवतेय ते तोंडानं सांगायला तयार नाही.

गोष्ट गेल्या वर्षीची, म्हणजे अठ्ठ्याण्णव सालची. केसरबाई लोंढे आमच्याच कळसच्या, बौद्धवस्तीतल्या. नवरा साहेबराव पाटबंधारे खात्यात कालव्यावर होता, तो रिटायर झाला. एकुलता एक मुलगा रविंद्र पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत चिकटला. मग त्यांनी वस्तीवरचं पत्र्याचं घर पाडलं आणि चार खोल्यांचं स्लॅबचं घर बांधायला काढलं. वायरिंगचं काम माझ्याकडं आलं. मी तिला मावशी म्हणतो, ती मला संभा म्हणते. आमच्या घरी मात्र आई तिला नुसतं ‘केसर’ म्हणते, ती समोर असली तरी.

मावशी म्हणजे काटक बाई. वीस वर्षं लोकांच्या उसात खुरपणी केली, त्यात आमचाही ऊस आला. मग दोन म्हशी घेतल्या. पहाटे डोक्यावर किटली घेऊन डेअरीवर जायची, ऊन असो, थंडी असो. एकदा डेअरीवाला म्हणाला, दुधात पाणी लागतंय. ही म्हणाली, “पाणी म्हशीनं पेलंय, मी घातलं न्हाय. म्हशीला इचार.” त्यानंतर त्यानं हिच्या वाटेला जायचं सोडलं. बोलणं मोजकं, पण एकदा बोलली की समोरचा गप्प. घर बांधताना भिंतींना पाणीसुद्धा तीच मारायची, सकाळ-संध्याकाळ. गवंड्यावर विश्वास नव्हता.

रवीनं पुण्याहून एक कागद पाठवला होता. त्यावर घराचा नकाशा आणि नकाशावर रंगीत रेघा. लाल रेघ लाइटची, हिरवी टेलिफोनची, निळी टीव्हीची. इथपर्यंत ठीक. पण एक काळी तुटक रेघ हॉलमधून निघून मागच्या खोलीत गेली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, ‘नेटवर्क’. आता आली का पंचाईत! मी तो कागद सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला. शेवटी चौकातल्या बूथवरनं रवीला फोन लावला.

“रवी, ही काळी रेघ कशाची रं?”

“संभाअण्णा, दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे असले तर तिथून तार जाईल.”

“एका घरात दोन कॉम्प्युटर? आन् जोडून करायचं काय?”

“एकातलं दुसऱ्यावर बघता येतं.”

“मग उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बघावं की माणसानं!”

तो हसला. म्हणाला, आत्ता एकही कॉम्प्युटर नाही, पण दहा वर्षांनी लागेल. तुम्ही नुसता रिकामा पाईप टाकून ठेवा, तार मी नंतर ओढून घेतो. म्हणजे नसलेल्या कॉम्प्युटरच्या नसलेल्या तारेसाठी पाईप. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. साहेबरावांना सांगितलं, तर ते माझ्यापेक्षा गोंधळले.

“रिकामा पाईप? उंदीर शिरंल की त्यात.”

“आबा, दोन्ही तोंडांना कागदाचा बोळा लावतो.”

“आन् बोळा उंदरानं खाल्ला म्हंजे?”

ह्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला आयटीआयला शिकवलं नव्हतं. टीव्हीचंही तेच. गच्चीवर अँटेना लावायचा, का चौकातनं केबल ओढायची, का ती मोठी छत्री बसवायची? साहेबरावांना तिन्ही पाहिजे होतं, एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून. मी म्हटलं, आबा, वरनं काय यायचं ते येऊ द्या, भिंतीत पाईप एकच उतरणार. तो कुठं उतरवू तेवढं सांगा. आणि इथंच माशी शिंकली.

कारण रविवारी स्लॅब होता. स्लॅबच्या सळयांत पाईप आधी बांधावे लागतात आणि ज्या भिंतीवर पॉइंट पाहिजे तिथं त्यांची तोंडं खाली सोडावी लागतात. एकदा काँक्रीट पडलं की खेळ खलास. मग वरनं लाकडी पट्टी ठोकून तार न्यायची, आणि रवीनं तर निक्षून सांगितलं होतं, भिंतीवर एक तार दिसता कामा नये.

सोमवारी मी हॉलच्या समोरच्या भिंतीवर खडूनं फुली मारली. दारातनं आत आलं की नजर जाते ती भिंत. शंभरातल्या नव्वद घरांत टीव्ही तिथंच असतो. मंगळवारी येऊन बघतो तर फुली गायब. म्हटलं, पाणी मारताना धुतली असेल. पुन्हा मारली. दुपारी पुन्हा गायब.

“मावशी, खडू कुणी पुसला?”

“मी.”

“का गं?”

“हितं नको.”

“मग कुठं?”

“बघू.”

बघू! रविवारी मिक्सर येणार, इंदापूरची पंधरा माणसं येणार आणि ही म्हणते बघू. मी डाव्या भिंतीला फुली मारली. बुधवारी ती पुसलेली. उजव्या भिंतीला मारली. गुरुवारी तीही पुसलेली. मला आता खडूची भीती वाटायला लागली.

सिद्धू गवंडी म्हणाला, काचेवर उजेड पडतो म्हणून बाई नको म्हणत असेल. मी तसं विचारलं. मावशी म्हणाली, “उजेड पडला तर पडू दे.” मग मला वाटलं, समोरच्या भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लागणार, त्याच्याखाली टीव्हीचा दंगा नको असेल. तेही विचारलं. “फोटू तितंच लागणार हायत. पर त्येचा आन् ह्येचा संबंध न्हाय.” साहेबरावांना गाठलं, तर ते विडी पेटवत म्हणाले, “अरं, तिच्या मनात काय हाय ते तीस वर्सांत मला कळलं न्हाय, तुला चार दिसांत कळणार व्हय?” शेवटी रवीला फोन केला. तो म्हणाला, समोरच्या भिंतीवर घेऊन टाका, आईशी मी बोलतो. मी मावशीला बूथवर बोलवायला गेलो. ती म्हणाली, “म्हणावं, कामात हाय.”

गुरुवारी संध्याकाळी तर कहर झाला. मी वर, स्लॅबसाठी ठोकलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांवर सळया बघत होतो. खाली सिद्धूनं हाक मारली, “भाऊ, म्हातारी डब्यात काय बघतीया ते बघ जरा.” शिडीवरनं उतरून बघतो तर मावशीनं हॉलमध्ये आठ-दहा विटा रचून त्यावर तेलाचा रिकामा डबा ठेवलेला, आणि आपण बाहेर अंगणात खिडकीचे गज धरून उभी. हॉलमध्ये सेंट्रिंगला टेकू दिलेल्या बल्ल्या उभ्या, त्यातनं मान इकडं कर, तिकडं कर, डब्याकडं बघतेय. मग आत गेली, डबा दुसऱ्या भिंतीला नेला, पुन्हा बाहेर, पुन्हा गज धरून उभी. असं तीन भिंतींचं झालं. प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणायची. कुणाला म्हणत होती देव जाणे.

शुक्रवारीही तेच. दिवसभर माझ्या डोक्यात तो डबा. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, काय झालंय, तर मी म्हटलं, डबा. ती उठून डबा घेऊन आली.

आणि शनिवारी सकाळी, सायकलवर असताना, माझी ट्यूब पेटली. बाई खिडकीतनं बघतेय! म्हणजे तिला टीव्ही बाहेरनं दिसायला पाहिजे! वस्तीत सगळ्यांकडं कुठाय टीव्ही? शेजारपाजारची माणसं येणार, हॉलमध्ये मावणार नाहीत, अंगणात बसणार. एवढं साधं गणित आणि मी आपला खडू घेऊन भिंती रंगवतोय! मी स्वतःवरच खूश झालो. गेलो तो तडक कामालाच लागलो. समोरच्या भिंतीचा मध्य काढला, खिडकीच्या नेमका समोर. पाईप सळयांत बांधला, तोंड खाली सोडलं. मावशी अंगणात घमेलं घेऊन उभी होती. मी खिडकीतनंच ओरडलो, “मावशी, कळलं गं बाई तुझ्या मनातलं! आता अख्खी वस्ती भायेर हुबी राहून बघंल. म्हणशील तर खिडकी आजून फूटभर रुंद करू!”

तिनं घमेलं खाली ठेवलं. आत आली, बल्ल्यांखालनं वाकून सरळ माझ्यापर्यंत आली, आणि मी सोडलेला पाईप दोन्ही हातांनी धरून असा खेचला की बांधलेल्या तारा तुटून पाईप तिच्या हातात आला.

“खिडकीच दिसती व्हय रं तुला, मान्सं हुबी कराया?”

एवढी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती, आणि मला अजून कळत नव्हतं की मी केलं काय.

“मावशी, अगं, तूच तर दोन दिस खिडकीतनं…”

“तुज्या घरच्या खिडकीत मी तीन वर्सं हुबी राह्यलीय. हाय का ठावं?”

आमच्या खिडकीत? पहिल्यांदा मला काही संदर्भच लागेना. मग लागला.

ब्याऐंशी साली आमच्या तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, टीव्ही आणला होता, ब्लॅक अँड व्हाइट. गावातला पहिला. मी तेव्हा सोळा वर्षांचा. पुण्याकडनं चित्र यायचं ते मुंग्या आल्यासारखं. मी माळवदावर चढून अँटेना फिरवायचो आणि खालनं लोक ओरडायचे, आलं, आलं, गेलं! तारांचा नाद मला तिथूनच लागला, हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगतो. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा लागायचा, तेव्हा अर्धं गाव आमच्याकडं. आमची माणसं आत सतरंजीवर बसायची. वस्तीतली माणसं बाहेर, खिडकीशी उभी राहायची. बाहेर उभं राहा असं त्यांना कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. सांगावं लागतच नव्हतं. खरं बोलायचं तर मला फक्त गजांवरचे हात आठवतात. तोंडं आठवत नाहीत.

मावशी पाईप हातात धरूनच बोलत होती. “खुरपणीवरनं थेट यायची मी. रवी तवा पाच-सहा वर्सांचा. खिडकी उच्ची, त्येला दिसायचं न्हाय. मग त्येला कडंवर घ्यायची, ह्या अंगावरनं त्या अंगावर, शिनेमा संपस्तोवर. त्येचंबी काय न्हाय. पर एक दिस आलो तर खिडकीला पडदा.”

मी मान खाली घातली.

“रवी म्हणाला, आई, आत काय चाललंय? मला तरी काय दिसत व्हतं? निस्तं ऐकू येत व्हतं. मी आपली मनानं सांगाय लागले. आता त्यो घरी आला, आता ती रडतीया, आता दोघं गाडीत बसली. सोमवारी पोरानं तीच गोष्ट शाळंत सांगितली. समदी हसली त्येला. शिनेमात तसलं काय नव्हतंच म्हणं. घरी आला आन् म्हणाला, आई, तू खोटं सांगितलंस. त्या दिसापासनं त्यो तुमच्या खिडकीवर आला न्हाय आन् मीबी न्हाय.”

“मावशी,” मी म्हटलं, “त्यो पडदा मी लावला व्हता. काचेवर ऊन येत व्हतं. आईनं जुनं लुगडं दिलं, मी खिळे मारले.”

तिनं हातातला पाईप सारखा केला. मला वाटलं, आता पाईपच घालते डोक्यात. घातला असता तरी मी काही बोललो नसतो.

“ऊन येत व्हतं, खरं हाय,” ती म्हणाली. “मी खोटं म्हणत न्हाय. पर खिडकीत आमी हुबं हाओत, हे तुला दिसलंच न्हाय. दिसंल कसं? आतल्या समद्यांच्या पाठी आमच्याकडं.”

मग तिनं माझ्या खिशातला खडू काढून घेतला. खिडकी ज्या भिंतीत होती त्याच भिंतीला, खिडकीच्या शेजारी, स्वतःच्या हातानं फुली मारली.

“हितं घे. भायेरनं कुणाला टीव्ही दिसाय नको, ना खिडकीतनं, ना दारातनं. आन् बसणाऱ्याची तोंडं खिडकीकडं पाहिजेत. भायेर कोन हुबं राह्यलं तर आतल्याला दिसलं पाहिजे. दिसलं म्हंजे हाक मारता येती. माज्या घराच्या खिडकीत मी कुणाला हुबं राहू द्यायची न्हाय. यवढं एक मला करून दे, बाकी तुमच्या त्या रिकाम्या पायपाचं काय करायचं ते करा.”

“मग हे पहिल्याच दिवशी का न्हाय सांगितलंस?”

“तुला कसं सांगू? तुज्याच घरची गोष्ट.”

शनिवारी दुपारपर्यंत मी पाईप तिथं उतरवला. रवीला फोन करून सांगितलं की जागा बदलली, खिडकीच्या भिंतीला घेतोय. तो लगेच म्हणाला, तिथं कुणी टीव्ही ठेवतं का? मी म्हटलं, आई म्हणतेय, खिडकीतनं कुणाला दिसाय नको. मग तो म्हणाला, “घ्या तिथंच,” आणि त्यानं फोन ठेवला. रविवारी स्लॅब पडला.

वैशाखी पौर्णिमेला गृहप्रवेश झाला. सकाळी वंदना, दुपारी जेवणं, आणि रवीनं पुण्याहून रंगीत टीव्ही आणलेला. संध्याकाळी मी केबल जोडली, चित्र स्वच्छ आलं. साहेबरावांनी मला हळूच विचारलं, “ह्ये त्या रिकाम्या पायपातनं आलं का?” मी व्हय म्हटलं. समजावण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. हॉल गच्च भरला. सिनेमा लागला. पंचवीस-तीस माणसं भिंतीकडं तोंड करून बसली, म्हणजे खिडकीकडंच.

मावशीनं आमच्या आईला घरी येऊन आमंत्रण दिलं होतं. आई ‘बघते’ म्हणाली होती. जेवायला आली नाही. मला वाटलं, काही येत नाही आता. आणि सिनेमा रंगात आला असताना खिडकीत कुणीतरी उभं राहिलं. गज धरून, मान वाकडी करून आत बघायला लागलं. आमची आई.

तिला टीव्ही दिसेना. दिसत होती ती पंचवीस-तीस तोंडं, आणि ती सगळी तिच्याकडं बघत होती. सिनेमा चालू होता, पण कुणाचं लक्ष नव्हतं. उठावं का बसावं, मला कळेना.

मावशी उठली. “कुशाबाई, आत या.”

“न्हाय गं, हितंच बरं हाय. वारं लागतंय.”

“हितनं काय दिसत न्हाय. आत या.”

“बघून जाते वाईच.”

“भायेर काय बघणार? आत या म्हणते ना.” मावशीनं आवाज चढवला नाही, पण ती खाली बसलीही नाही. तिच्यामागं बसलेलं सगळं घर तसंच बघत राहिलं.

आईनं एकदा मागं रस्त्याकडं बघितलं. मग गज सोडले, पदर सारखा केला, दारातनं आत आली आणि उंबऱ्याजवळच अंग चोरून बसली. मावशीनं चहा आणला. आई म्हणाली, “ह्या टायमाला मला चहा चालत न्हाय बाई.” दिवसातनं पाच वेळा चहा पिणारी आमची आई! मावशीनं ती कपबशी साहेबरावांच्या पुढं ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

सिनेमा संपल्यावर मी आणि आई चालत घरी निघालो. चांदणं टिपूर होतं. वस्ती संपल्यावर आईनं एकदा मागं वळून बघितलं. मग म्हणाली, “समदी माज्याकडंच बघत व्हती रं. लई वंगाळ वाटलं. कवा एकदा आत जाऊन बसती आसं झालं.”

“आई,” मी म्हटलं, “तिच्याकडं तर तीन वर्सं कुणी बघितलंसुद्धा न्हाय.”

मला वाटलं होतं, चिडेल. चिडली नाही. घर आलं. पायरीवर चपला काढताना ती भिंतीला हात लावून थांबली.

“संभा,” ती म्हणाली, “त्यो चहा घ्याय पाहिजे व्हता मी.”